सत्तावन्न नंबरची शाळा

गोदाने कागद हातात घेतला, त्याच्याकडे न बघता माझ्याकडे बघितलं आणि कविता म्हणायला सुरुवात केली. दुसरीच्या पुस्तकातली होती. चालीसकट, हातवारे करत, एकही शब्द न चुकता तिने ती म्हणून दाखवली आणि शाबासकीसाठी थांबली.

"छान," मी म्हणाले. "आता या कागदावर काय लिहिलंय ते वाच."

कागदावर चार ओळींचा उतारा होता, एका शेळीबद्दल. गोदा बराच वेळ त्याकडे बघत राहिली. मी कागद उलटला. मागे सुटे शब्द होते, त्याखाली सुटी अक्षरं. तिला 'म' आला, 'क' आला. 'भ'ला ती 'म' म्हणाली आणि 'घ'पाशी थांबली ती थांबलीच. मग तिने अगदी हळू आवाजात विचारलं, "कविता चालत नाही का?"

ही गोष्ट जून २००८ मधली. मी चोवीस वर्षांची होते आणि पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत लागून मला जेमतेम तीन महिने झाले होते. हिंगोली जिल्ह्यात एका सेवाभावी संस्थेने 'अक्षरझोळी' नावाचा उपक्रम सुरू करायचं ठरवलं होतं. तिसरी-चौथीच्या मुलांसाठी गोष्टींची पुस्तकं, रंगीत कार्डं आणि गावातलीच एक शिकलेली मुलगी, रोज एक तास. त्यामुळे मुलं खरंच वाचायला शिकतात का, हे तपासायचं काम आमच्याकडे होतं. ऐंशी शाळांच्या चिठ्ठ्या टाकल्या होत्या. चाळीस शाळांना झोळी मिळणार होती, उरलेल्या चाळीसांना, म्हणजे तुलनेच्या शाळांना, दोन वर्षं काहीच मिळणार नव्हतं. तिसरीच्या मुलांची आता एकदा चाचणी आणि चौथी संपताना पुन्हा एकदा. झोळीच्या शाळा बाकीच्यांपेक्षा जेवढ्या पुढे जातील, तेवढं झोळीचं श्रेय.

खडकदरीची शाळा चिठ्ठीत काही न मिळणाऱ्यांमध्ये गेली होती. आमच्या यादीत तिचा नंबर सत्तावन्न.

प्रशिक्षणात नियम अगदी पक्के करून घेतले होते. मुलाला चूक-बरोबर सांगायचं नाही, चेहऱ्यावरही दिसू द्यायचं नाही. निकाल शाळेत कुणालाही कळता कामा नये. "तुलनेच्या शाळेला आपला हातसुद्धा लागता कामा नये," आमच्या प्रमुख डॉ. वसुधा इनामदार म्हणाल्या होत्या. "तिथे आपणच काही ढवळलं, तर मग तुलना कशाशी करणार?"

तिसरीत चोवीस मुलं होती. एकेकाला मागच्या ओट्यावर बोलवत मला तीन वाजले. पाच जणांनी उतारा वाचला. सहा जणांना सुटे शब्द जमले. बाकी तेरा जण गोदासारखे अक्षरांतच अडकले होते. वरवर बघताना मात्र वर्ग फार हुशार दिसत होता. मी सकाळी आले तेव्हा सगळ्यांनी मिळून एक आख्खा धडा मला पाठ म्हणून दाखवला होता.

मी कागद पिशवीत भरत होते तेव्हा त्यांच्या बाई चहा घेऊन आल्या. कमल मुटकुळे, चाळिशीच्या, उंच, खणखणीत आवाजाच्या. तिसरी आणि चौथी त्यांच्याकडे होती. पहिली-दुसरी मुख्याध्यापक पठाण सरांकडे. शाळेत शिक्षक दोघंच.

"कशी वाटली आमची लेकरं?" बाईंनी विचारलं.

"छान आहेत."

"छान म्हणजे? वाचतात ना सगळी?"

"निकाल सांगायची परवानगी नाही बाई. नियम आहे तसा."

"बरं," त्या म्हणाल्या. त्यांना वाईट वाटलेलं दिसलं नाही, उलट त्या हसल्या. "मलाच माहीत आहे म्हणा. चार-पाच जण जरा कच्चे आहेत. त्यांचं घेईन मी यंदा मनावर. बाकी वर्ग तयार आहे. तपासणीला आलेले केंद्रप्रमुखसुद्धा मागच्या वेळी खूश होऊन गेले."

मी चहा प्यायले. जीप यायला अजून तासभर होता. माझा साथीदार रत्नदीप वाठोरे ती घेऊन दुसऱ्या गावाला गेला होता. बाई समोर बसून मुलांबद्दल बोलत राहिल्या. कोण चित्र चांगलं काढतो, कुणाची आई ऊसतोडीला जाते. गोदाबद्दल म्हणाल्या, "ती तर माझी सगळ्यात हुशार. एकदा ऐकलं की पाठ." त्यांच्या बोलण्यात काडीचंही खोटं नव्हतं. त्यांना खरंच माहीत नव्हतं. दोन वर्षांनी आम्ही परत येणार, त्याच मुलांना पुन्हा कागद दाखवणार, आणि तोवर त्यांना हेच वाटत राहणार, की चार-पाच जण कच्चे आहेत.

"बाई," मी म्हणाले, "चार-पाच नाहीत. एकोणीस आहेत."

त्यांना आधी कळलंच नाही. मी पुन्हा सांगितलं. पाच जणांना वाचता येतं, एकोणीस जणांना येत नाही. गोदाला 'भ' ओळखता येत नाही.

"असं कसं होईल," त्या म्हणाल्या. "ती तर पुस्तक समोर धरून वाचते."

"तिला पाठ असतं ते. तुम्ही न शिकवलेलं पान द्या तिला."

बाई उठल्या. मुलं मैदानात खेळत होती. त्यांनी गोदाला हाक मारली, मराठीच्या पुस्तकाचं मागचं एक पान उघडून तिच्या हातात दिलं. मी सवयीने म्हणाले, "अडली तर सांगू नका. नुसतं थांबा." बाई थांबल्या. गोदाने पानावरून त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग ती नुसतीच पानावर बोट फिरवत राहिली. शेवटी बाईंनी पुस्तक मिटलं, गोदाच्या डोक्यावर हात ठेवला आणि "जा, खेळ जा" म्हणाल्या.

नंतर त्या माझ्याशी फारसं बोलल्या नाहीत. जीप आली तेव्हा निरोप द्यायलाही बाहेर आल्या नाहीत. उत्साहाने शिकवणाऱ्या बाईंचं मन मी मोडलं असं मला वाटलं. रत्नदीपला मी काही सांगितलं नाही. चाचणीच्या फॉर्मच्या शेवटी एक रकाना असायचा, 'काही वेगळे घडले असल्यास लिहा'. त्यात मी लिहिलं, 'नाही'.

पुढच्या पावणेदोन वर्षांत मी खूप शिकले. पुण्याच्या ऑफिसात माझी बदली झाली, आकडे तपासायचं काम आलं. २०१०च्या फेब्रुवारीत दुसरी चाचणी झाली तेव्हा गावांमध्ये दुसरे लोक गेले होते. मी संगणकासमोर होते. मार्च उजाडला आणि निकाल जुळायला लागले. झोळीच्या शाळांत शंभरातली त्रेचाळीस मुलं गोष्ट वाचत होती. तुलनेच्या शाळांत अडतीस.

"पाचचा फरक," इनामदार मॅडम म्हणाल्या. त्या पन्नाशीच्या, बारीक चणीच्या, कमी बोलणाऱ्या. "एवढा फरक योगायोगानेही पडू शकतो. झोळीचा उपयोग झाला असं आपल्याला ठामपणे म्हणता येणार नाही."

उपक्रम चालवणाऱ्या संस्थेचे दोघं त्या दिवशी बैठकीला आले होते. त्यांचे चेहरे उतरले. आमच्या अहवालावर उपक्रम पुढे चालायचा की बंद व्हायचा हे ठरणार होतं. त्यांतले एक, गंगाखेडकर नावाचे गृहस्थ, तुलनेच्या शाळांची यादी खाली-वर करत होते. एका ओळीवर त्यांचं बोट थांबलं.

"हे काय आहे? सत्तावन्न नंबर. चोवीसपैकी एकवीस मुलं गोष्ट वाचतात? बाकी सगळीकडे चोवीसातली नऊ नाहीतर दहा."

आम्ही सगळ्यांनी बघितलं. नंबरापुढे नाव होतं, खडकदरी.

"कॉपी झालेली आहे," गंगाखेडकर म्हणाले. "प्रश्नाचा कागद आधीच फुटला असणार आणि बाईंनी मुलांकडून पाठ करून घेतला असणार. ही शाळा काढून टाका, मग बघा फरक किती येतो."

मॅडमनी गणित तिथेच करायला सांगितलं. शाळा काढली की फरक सहाच्या पुढे जात होता, आणि मग तो योगायोग म्हणता येत नव्हता. एका शाळेने सगळं इकडचं तिकडे होत होतं.

"निकाल आपल्याला गैरसोयीचा आहे म्हणून शाळा काढता येत नाही," मॅडम म्हणाल्या. "कॉपी सिद्ध झाली तर गोष्ट वेगळी. पण मग तसं लेखी द्यावं लागेल, शाळेच्या नावासकट. जिल्हा परिषदेलाही."

गंगाखेडकरांनी मान डोलावली. मॅडम माझ्याकडे वळल्या. "सुचेता, पहिली चाचणी तिथे तुम्ही घेतली होती ना? काही वेगळं घडलेलं आठवतंय?"

"नाही," मी म्हणाले.

आजही ते 'नाही' माझ्या कानात आहे. इतकं सहज निघालं होतं.

ठरलं असं की त्या शाळेची फेरचाचणी घ्यायची. नवा कागद, आधी न सांगता. मुलं चौथीत होती, परीक्षेला महिना उरला होता, तेवढ्यात जायला हवं होतं. मॅडमनी मला आणि रत्नदीपला पाठवलं. मुलं अर्धी-अर्धी वाटून घ्या, म्हणजे एकमेकांचा पडताळा राहील, असंही सांगितलं.

खडकदरीला आम्ही सकाळी अकराला पोचलो. शाळेला नवा रंग दिलेला होता; बाकी सगळं तसंच. मुटकुळे बाई वर्गात होत्या. मला बघून त्या क्षणभर थबकल्या आणि मग मनापासून हसल्या.

"या ताई. मी म्हणलंच होतं पठाण सरांना, एक ना एक दिवस त्या येतील म्हणून."

का आलोय ते मी सांगितलं. कॉपीचा संशय आहे, हेही सांगून टाकलं. पठाण सर दारात उभे होते, त्यांचा चेहरा लाल झाला. बाई मात्र शांत राहिल्या. "घ्या की. कुठल्याही कागदावर घ्या. लेकरं समोरच आहेत," एवढंच म्हणाल्या.

बारा मुलं माझ्याकडे आली, बारा रत्नदीपकडे. नवी गोष्ट विहिरीत पडलेल्या बादलीची होती. माझ्याकडच्या पहिल्या मुलाने ती वाचली. दुसरीने वाचली. तिसऱ्याने एका जोडाक्षरापाशी अडून, मागे जाऊन, पुन्हा वाचली. पाठ केलेलं मूल असं मागे जात नाही. ते अडलं की संपलं. गोदा आता दोन वेण्या घालत होती. तिने गोष्ट वाचली आणि मला विचारलं, "ही पुढं आहे का? बादली काढली का नाही त्यांनी?" मला उत्तर द्यायची परवानगी नव्हती. कागदावर तेवढीच गोष्ट होती.

माझ्याकडच्या अकरा जणांनी गोष्ट वाचली, रत्नदीपकडच्या दहा जणांनी. एकूण एकवीस. तेच एकवीस.

"कॉपी नाहीये," रत्नदीप हलक्या आवाजात म्हणाला. "पण मग आहे काय हे?"

बाई मुलांना जेवायला वाढत होत्या. पठाण सर आमच्यासाठी खुर्च्या घेऊन आले आणि स्वतः ओट्यावर बसले. साठीला टेकलेले, दाढी पांढरी झालेली. मघाचा राग त्यांच्या चेहऱ्यावर अजून होता.

"संशय घेतलात तुम्ही," ते म्हणाले. "तुमचं काम आहे, घ्या. पण या बाईनं काय केलं ते ऐकून जा. त्या स्वतः सांगणार नाहीत."

आम्ही ऐकत राहिलो.

"तुम्ही गेलात त्यानंतर ही बाई चार दिवस कुणाशी नीट बोलली नाही. नवी नवी पानं देऊन एकेक लेकरू ऐकत बसायची. मला म्हणाली, सर, एकोणीस आहेत. मी म्हणालो, असू द्या, गुपचूप घेऊ करून दोघं. कुणाला कळायची गरज नाही. नऊ वर्षांची तुमची नोकरी आहे या गावात, नाव आहे. तर म्हणाली, नाही. आणि पंधरा ऑगस्टला, झेंडावंदन झाल्यावर, ग्रामसभेत उभी राहिली."

"काय म्हणाल्या?" रत्नदीपने विचारलं.

"म्हणाली, माझ्या वर्गात चोवीस लेकरं आहेत आणि एकोणिसांना वाचता येत नाही. ती मला पाठ म्हणून दाखवतात आणि मी खूश होते. नऊ वर्षं झाली, माझ्या ध्यानात आलं नाही. म्हणजे याच्या आधीच्याही किती जणांना आलं नसेल, मला माहीत नाही. ती पोरं आता मोठी झाली, त्यातली काही इथं बसलीत. त्यांची मी माफी मागते."

जेवायला वाढणाऱ्या बाईंकडे एकदा बघून पठाण सर पुढे सांगायला लागले.

"मग एकजण उठला, म्हणाला, मग इतके दिवस शाळेत करत काय होता? बदली करा यांची. दोघा-तिघांनी री ओढली. मी उभा राहिलो. म्हणालो, पहिली-दुसरी माझ्याकडं असते. पाया माझा कच्चा. बदली करायची तर दोघांची करा. खोटं नाही सांगत ताई, बाई आधी बोलली नसती तर मी जन्मात बोललो नसतो."

"मग?"

"मग बाईनं सांगितलं, आजपासून रोज प्रत्येकाचं पाच मिनिटं मी एकटीनं ऐकणार. पण चोवीस लेकरं आहेत, मला पुरं पडायचं नाही. तुम्ही घरी ऐका. तर एक आई म्हणाली, आम्हालाच वाचता येत नाही, आम्ही काय ऐकावं? बाई म्हणाली, लेकरू कुठं अडतं ते ऐकू येतंय की. त्याला अक्षर यावं लागत नाही. जिथं अडेल तिथं बोट ठेवायला सांगा आणि सकाळी तेवढंच बोट घेऊन माझ्याकडं पाठवा."

तसंच झालं होतं. सकाळी मुलं पुस्तकात पेन्सिलीची खूण करून आणायची. कुणाच्या पानावर सात खुणा, कुणाच्या दोन. बाई आणि सर शाळा भरायच्या आधी अर्धा तास येऊन त्या खुणांवरच काम करायचे. बाईंनी नंतर मला त्यांच्या वह्या दाखवल्या. प्रत्येक मुलाचं एक पान, त्यावर तारीख आणि त्या दिवशी अडलेली अक्षरं. गोदाच्या पानावर 'भ' सलग अकरा दिवस होता. बाराव्या दिवशी नव्हता.

"हे तुम्हीच सांगितलं होतंत ना," बाई मला म्हणाल्या. "नवं पान द्या, एकटं बसवा, अडलं तर सांगू नका, थांबा. तेवढंच केलं बघा. थांबणं फार अवघड जातं ओ. जीभ शिवशिवते."

रत्नदीपने माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली.

परतीच्या वाटेवर जीपमध्ये रत्नदीप म्हणाला, "तू तिला निकाल सांगितला होतास."

"हो."

"आणि फॉर्ममध्ये काही लिहिलं नाहीस."

"नाही. परवा मॅडमनी विचारलं तेव्हाही नाही म्हणाले."

त्याने खिडकीबाहेर बघितलं. "हे बघ, आपण फक्त एवढंच लिहू, की फेरचाचणी घेतली, निकाल तोच आला, कॉपी नाही. हे खोटं नाहीये. बाईंवरचा डाग जाईल. तुझी नोकरी राहील. पुढच्या महिन्यात तुला कायम करणार आहेत."

"आणि झोळीचं काय? ती बंद पडेल. सत्तावन्न नंबर तुलनेची शाळा राहिलीच नव्हती, रत्नदीप. मी तिला हात लावला होता."

"तुला काय वाटतं, इतर शाळांत कुणीच काही बोललं नसेल?"

"मला माहीत नाही. माझं मला माहीत आहे."

त्याने पुढे वाद घातला नाही. थोड्या वेळाने तो एवढंच म्हणाला, "ती बाई सभेत उभी राहिली, म्हणून तुला असं वाटतंय." ते खरं होतं.

दुसऱ्या दिवशी मी मॅडमच्या खोलीत गेले आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. बसले असते तर सांगू शकले नसते. त्या ऐकत होत्या तेव्हा त्यांचं पेन टेबलाच्या कडेला समांतर ठेवलेलं होतं, ते त्या बोटाने सरळ करत राहिल्या.

"परवा मी विचारलं तेव्हा?"

"खोटं बोलले."

"का?"

"भीती वाटली."

त्या उठून खिडकीशी गेल्या. "सुचेता, तुम्ही त्या बाईंचं भलं केलं असं तुम्हाला वाटत असेल. केलंही असेल. पण ऐंशी शाळांमधली मुलं मोजण्यात आम्ही दोन वर्षं घालवली. तुम्ही त्यातली एक शाळा बिघडवलीत आणि ते लपवलंत. लपवलं नसतंत तर मला तेव्हाच काही करता आलं असतं. या अभ्यासात तुम्ही यापुढे आकड्यांना हात लावायचा नाही. तसं पत्र तुम्हाला मिळेल. कायम करण्याचं आता मी काही सांगू शकत नाही."

"हो मॅडम."

मी दाराशी पोचले तेव्हा त्यांनी विचारलं, "ती खुणांची कल्पना तुमची होती?"

"नाही. बाईंची. मी फक्त नवं पान द्या म्हणाले होते."

"आणि घरी ऐकणं?"

"तेही त्यांचंच."

त्यांनी मला परत बोलावलं आणि बसायला सांगितलं.

अहवाल दोन प्रकारे लिहिला गेला. आधी चिठ्ठीत जशा पडल्या तशा ऐंशी शाळा धरून, फरक पाच. मग सत्तावन्न नंबर वगळून, फरक सहाच्या वर, आणि खाली कारण: चाचणी घेणाऱ्या एका अन्वेषकाने नियम मोडून शिक्षिकेला निकाल सांगितला, आणि ही गोष्ट वेळेवर कळवली नाही. ते वाक्य मॅडमनी मलाच लिहायला लावलं. चार वेळा परत पाठवलं, कारण प्रत्येक वेळी मी कुठे ना कुठे स्वतःला सावरून घेत होते. गंगाखेडकरांना अहवाल आवडला नाही. पण त्यात तिसराही भाग होता, खडकदरीच्या वह्यांबद्दलचा, आणि शेवटी मॅडमची शिफारस: झोळी बंद करू नका. पुढच्या वर्षी ती अर्ध्या शाळांत आहे तशी द्या आणि अर्ध्या शाळांत तिच्यासोबत हे रोजचं ऐकणं जोडा. पुन्हा चिठ्ठ्या टाका, पुन्हा मोजा.

शिफारस मान्य झाली. मला कायम केलं नाही. सहा महिन्यांच्या करारावर ठेवलं, ते वह्यांची पद्धत नीट लिहून काढायला. मोजणाऱ्यांत मी नव्हते. पुढच्या वर्षीच्या चाचणीत ज्या शाळांत ऐकणं जोडलं होतं त्या दुसऱ्यांपेक्षा अकराने पुढे गेल्या. या वेळी गणितानेही ते योगायोग नाही असंच सांगितलं.

पण मला सांगायचंय ते त्याच्या आधीचं, एप्रिलमधलं. मॅडम स्वतः मला घेऊन खडकदरीला आल्या. सकाळची शाळा होती. त्यांनी वह्या बघितल्या, दोन तास बघितल्या. मग बाईंना म्हणाल्या, "मुटकुळे बाई, तुमच्यावर संशय घेतला गेला त्याबद्दल मी दिलगीर आहे. एकवीस मुलं, हे मोठं काम आहे."

बाईंना हे ऐकून संकोच वाटला असं दिसलं नाही. त्यांचं तिकडे लक्षच नव्हतं. त्या दाराकडे बघत होत्या.

"ते एकवीस राहू द्या मॅडम," त्या म्हणाल्या. "तुम्ही एवढ्या शिकलेल्या आहात, ऐंशी शाळा बघितल्यात. मला हे तिघं सांगा. यांचं मी काय करू?"

आणि त्यांनी तिघांना आत बोलावलं. लखन आडे, जवळच्या तांड्यावरचा. वैशाली, जी नेहमी पहिल्या ओळीत बसायची. आणि बबन, तिघांत सगळ्यात दांडगा, सारखं हसू येणारा. तिघं भिंतीला टेकून उभे राहिले. बाईंनी प्रत्येकाचं पान उघडलं. महिनोन्‌महिने तीच अक्षरं, फक्त तारखा वेगळ्या.

इनामदार मॅडम मुलांशी कधी बसलेल्या मी पाहिल्या नव्हत्या. त्यांचं काम कागदावरचं होतं. त्या खाली सतरंजीवर बसल्या आणि वैशालीला जवळ घेऊन वाचायला दिलं. थोड्या वेळाने त्यांनी पुस्तक मुलीपासून हातभर लांब धरलं, मग पुन्हा नाकाशी आणलं. "हिचे डोळे तपासलेत कधी?" त्यांनी विचारलं. कुणीच तपासले नव्हते. लखन मराठी ऐकताना प्रत्येक शब्दाला आधी त्याच्या घरची भाषा शोधत होता, हे पठाण सरांच्या त्याच दिवशी लक्षात आलं. बबनचं काही कळलं नाही. त्याने वाचायचा प्रयत्न केला, अडला, हसला, पुन्हा प्रयत्न केला. मॅडमनी त्याला चार वेगवेगळ्या तऱ्हेने विचारून बघितलं.

"मला माहीत नाही," शेवटी त्या बाईंना म्हणाल्या. त्यांच्या तोंडून ते शब्द मी पहिल्यांदा ऐकत होते.

"मग?"

"मग शोधू."

बाईंनी मान हलवली. त्यांना ते उत्तर पुरेसं वाटलं असावं.

ऑगस्टमध्ये मी ऑफिसात असताना त्यांचा फोन आला. वैशालीला चष्मा लागला होता आणि ती आता पाचवीत, शेजारच्या गावच्या शाळेत, सगळ्यांच्या आधी हात वर करायची. लखनला त्याच्या भाषेतल्या चार गोष्टी सरांनी देवनागरीत लिहून दिल्या होत्या. त्या वाचता वाचता तो मराठीवरही आला होता.

"आणि बबन?" मी विचारलं.

"तो नाही अजून. पाचवीला गेला तरी सकाळी येतो इकडं."

"मग काय करता त्याचं?"

"काय करणार," बाई म्हणाल्या. "ऐकते रोज."